बदलापूरला गेलेल्या अक्कास

प्रिय अक्का,

पत्राच्या आरंभी ‘इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे’ असं लिहायची आपली रीत. पहिलं अर्धं लिहायला हरकत नाही, खरंच कुशल आहे. दुसऱ्या अर्ध्याचं काय करू? तू जन्मात कुणाच्या पत्राला उत्तर दिलं नाहीस. ‘लिहिणं हे पंडिताचं काम’ म्हणून सगळं माझ्या अंगावर ढकललंस. आता तर तुला सबबही भक्कम मिळाली आहे!

आजच का लिहितोय ते सांगतो. सकाळी बदलापूरहून जांभळांची पाटी आली. तुझ्या शेताचं कूळ असून तुझ्यावरच हुकूम सोडणारा तो धाऊ, त्यानंच डोक्यावरून आणली. पाटी ओट्यावर टेकवली, तसा मुकुंदा आतून बाहेर आला. माझ्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. शांताची पोळी तव्यावर करपली. अक्का, इतकी वर्षं या पाटीमागून तू यायचीस. पदर खोचलेला, घाम पुसत, ‘अरे, पाणी तरी द्या कुणी!’ म्हणून ओरडत.

मुकुंदानं पाटीकडे पाहिलं. पाटीमागच्या रस्त्याकडे नाही पाहिलं. एक टपोरं जांभूळ उचललं, तोंडात टाकलं, बी अंगणात थुंकली आणि जीभ काढून मला दाखवली. जांभळी! मग दुसरं उचललं.

तुला वाटेल, एवढ्यासाठी पत्र? हो, एवढ्यासाठीच. या एवढ्याला किती महिने लागले ते तुला ठाऊक नाही. आणि त्यात तुझ्याविरुद्ध एक तक्रारही आहे. ती आधी ऐकून घे.

शेवटच्या तापात तू शुद्धीवर आलीस, ती नेमकी हुकूम सोडायला. ‘मुकुंदाला सांगू नका. बदलापूरला गेले म्हणा. भोळा सांब आहे माझा, चार दिवसांत विसरेल.’ मरणाऱ्याचा शब्द, त्यातून तुझा! या घरात तुझा शब्द मोडायची छाती आपल्या वडिलांनाही नव्हती. मामा लगेच म्हणाले, ‘बरोबर आहे तिचं. त्याला काय कळतंय?’ तुला नेलं तेव्हा मुकुंदाला देवळात बेल द्यायला पाठवलं होतं. तो परत आला तेव्हा ओटा सारवून झाला होता. ‘अक्का?’ त्यानं विचारलं. ‘बदलापूरला,’ शांता म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून बसली.

आई त्याला जन्म देऊन गेली तेव्हा तू नुकती सासरहून पांढऱ्या कपाळानं परत आलेली. कुणी तुला विचारलं नाही, तूही कुणाला विचारलं नाहीस. उचललंस आणि मांडीवर घेतलंस. पस्तिशी ओलांडली तरी तो मांडीवरच होता म्हण ना! त्याच्या भुकेची वेळ, त्याच्या पोटाची तक्रार, कुठल्या सदऱ्याचं बटण त्याला टोचतं, सगळं तुला ठाऊक. मग एवढी साधी गोष्ट कशी ग चुकलीस? बदलापूर ही का विसरायला सांगायची जागा? तिथून तर तू दर वेळी परत यायचीस. भात कापणीला गेलीस की तांदूळ घेऊन, जेठात गेलीस की जांभळं घेऊन. काशीला गेले म्हणायचं होतंस. मामा तीन वेळा काशीला निघाले आणि तीनही वेळा कल्याणहून परतले, पण निदान लांब तरी वाटतं!

तू सांगितलेले चार दिवस गेले. श्रावण गेला, गणपती गेले. मुकुंदा विसरला नाही.

आधी त्याचं जेवण गेलं. दूधभातावर जगणारा माणूस दूधभाताकडे पाठ करून बसायला लागला. मग झोप गेली. कारखान्याच्या पहिल्या भोंग्याला उठणारा हा, आता भोंग्याच्या कितीतरी आधी ओट्याच्या पायरीवर दिसायचा. अंघोळीला हात धरून न्यावं लागे. देवळातले गुरव एकदा वाटेत म्हणाले, ‘मास्तर, मुकुंदाचा बेल हल्ली फाटका येतो.’ अक्का, फाटका! एका पानाला जरा कीड दिसली तर सगळी डहाळी टाकून देणारा तो! पुढे बेल आणणंही सुटलं. आणि मग त्यानं स्वतःच्या गालात मारून घ्यायला सुरुवात केली. मुठीनं. उजव्या गालावर. शांता हात धरायला गेली तर तिलाही एक बसली.

आम्ही सगळे काय म्हणालो असू? ‘मुकुंदाच तो.’ पाठशाळेत मला शिकवलं होतं की धूर दिसला की अग्नी शोधावा. पण आपल्या घरी मुकुंदातून कसलाही धूर निघाला, की मुकुंदाच तसा धुराचा, एवढ्यावर शास्त्र संपायचं. जेवत नाही? जन्माचाच अर्धवट. झोपत नाही? अर्धवटांना कुठली झोप! मारून घेतो? वेड वाढलं.

‘वेड वाढलं’ हे मामांचं निदान. मामा शेजारी राहतात हे आपलं भाग्य, असं तू म्हणायचीस. हसत म्हणायचीस हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्यांनी बुवापाड्यातून एक भगत आणला. भगतानं बाधा सांगितली आणि कोंबडा मागितला. आपल्या घरात कोंबडा कापायचा तर आधी भिंतींना घाम फुटला असता, म्हणून मामांनी कोहळ्यावर तडजोड केली. कोहळा फुटला, बाधा राहिली. शांतानं उरलेल्या कोहळ्याची भाजी केली. बाधेपेक्षा ती वाईट झाली होती.

मग मामांनी कल्याणचे एक मोठे डॉक्टर आणले. ते उभ्याउभ्याच विचारू लागले.

‘कानात आवाज येतात?’

‘हो,’ मुकुंदा म्हणाला.

‘कुणी मारायला येतं?’

‘हो.’

‘जीव द्यावासा वाटतो?’

‘हो.’

डॉक्टरांनी टोपी डोक्यावर ठेवली. ‘चित्र स्पष्ट आहे. ठाण्याला ठेवा, तिथे सोय आहे.’ मामांनी माझ्याकडे पाहिलं. पुढाऱ्याचं भाषण संपल्यावर माणूस शेजाऱ्याकडे पाहतो तसं.

ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, ते तुला सांगायला नको. मी मामांना म्हटलं, जरा थांबू. मामा म्हणाले, ‘संक्रांतीपर्यंत थांब. त्यापुढे मी थांबणार नाही. उद्या त्यानं तुझ्या बायकोचा डोळा फोडला म्हणजे काय अभंग म्हणशील?’ त्यांचंही खोटं नव्हतं. शांताच्या गालावर वळ होता. पण मुकुंदाला त्या फाटकाच्या आत सोडून मी एकटा परत येतोय, हे माझ्या डोळ्यांपुढे येई आणि हातातला घास ताटात परत जाई. तिथले लोक वाईट म्हणून नाही ग. तिथे त्याला कोण सांगणार होतं, अक्का कुठे आहे? तो त्याही फाटकाकडे तोंड करून बसला असता.

आता तुला एक माणूस भेटवतो. तसा तू त्याला ओळखतेस. मी निर्वासितांच्या कॅम्पात संध्याकाळी सिंधी मंडळींना मराठी शिकवायला जायचो आणि घरी येऊन नकला करायचो. त्यांत ‘मास्तर, मी येती, तू जातो’ म्हणणारे एक डॉक्टर होते, आठवतं? तू हसता हसता ठसक्यानं बेजार व्हायचीस. तेच डॉक्टर टेकचंद. फाळणीआधी सिंधमध्ये वेड्यांच्या इस्पितळात नोकरी. आता उल्हासनगरात लष्करी बराकीच्या अर्ध्या भागात दवाखाना, उरलेल्या अर्ध्यात पडदा लावून संसार. मराठी अजून तशीच आहे. माझ्या अध्यापनाची कीर्ती त्यांच्यामार्फत पसरू नये, अशी मी प्रार्थना करतो.

एका संध्याकाळी शिकवताना माझं लक्ष लागेना. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, ‘रविवारी मी येती.’

आले. आणि काही केलं नाही! शांतानं मटार सोलायला घेतले होते; डॉक्टर मुकुंदासमोर मांडी घालून मटार सोलायला बसले. ना नळी छातीला लावली, ना जीभ पाहिली. चहा घेतला, गेले. शांता म्हणाली, ‘हे डॉक्टर आहेत की पाहुणे? पाहुणे असतील तर पुढच्या रविवारी जास्त मटार आणते.’ पुढच्या रविवारी मात्र मटार सोलता सोलता प्रश्न निघाले. मुकुंदाला नव्हे, आम्हाला.

‘मास्तर साईं, पहिले कसा होता?’

‘पहिल्यापासून असाच,’ मामा मध्येच म्हणाले. मामा प्रश्न कुणालाही असो, उत्तर देतात.

‘असाच म्हणजे? एकटा बोलायचा?’

मी म्हटलं, हो, लहानपणापासून. भिंतीशी बोलतो, बेलाशी बोलतो. अक्का म्हणायची, पंडित मनात विचार करतो, मुकुंदा मोठ्यानं करतो.

‘फिर वो पुराना है. छोडो. गालावर मारायचा?’

‘नाही. कधीच नाही.’

‘खायचा?’

‘आमच्या तिघांचं.’

‘काय आवडायचं? खाण्यात नाही. कशानं खूश व्हायचा?’

अक्का, मी शांताकडे पाहिलं. मग शांताच म्हणाली, बेल नीट लावायला. भोंगा वाजला की त्याच्यासारखा आवाज काढायला. वन्सं बदलापूरहून आल्या की त्यांची पिशवी उपसायला. ती सांगत होती आणि डॉक्टर मान हलवत होते. जुनं एका बाजूला, नवं एका बाजूला, असं त्यांचं मटारासारखं चाललं होतं. टरफलं इकडे, दाणे तिकडे. जुन्या मुकुंदाशी नवा मुकुंदा ताडून पाहायचा. दुसऱ्या कुणाशी नाही. शहाण्या माणसाशी तर नाहीच.

मामांना राहवेना. त्यांनी कल्याणच्या डॉक्टरांचे प्रश्न आणि मुकुंदाची उत्तरं सांगितली. ‘स्वतःच्या तोंडानं कबूल झालाय तो!’

टेकचंद मुकुंदाकडे वळले. ‘मुकुंदा, तू विलायतेचा राजा आहे?’

‘हो.’

‘राणी पण तूच?’

‘हो.’

‘आणि हे मामा? हे पण राणी?’

मुकुंदानं मामांकडे नीट पाहिलं. ‘हो.’

शांता हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडली आणि मटाराची परात घेऊन आत पळाली. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ‘साईं, याला जिंदगीभर सगळ्यांनी शिकवलं, हो बोलला की लोक खूश होतात. याच्या हो ला काही वजन नाही. ज्या दिवशी नाही बोलेल, त्या दिवशी ऐका.’

आणि खरंच ग, तो ‘नाही’ कधी म्हणायचाच नाही! आपण त्याला गुणी म्हणायचो. ‘माझा बाळ कधी नाही म्हणत नाही,’ तू येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचीस.

मग डॉक्टरांनी त्याला काही विचारलंच नाही. आपला चेहरा त्याच्यापुढे नेला आणि म्हणाले, ‘दुखतंय कुठे, माझ्यावर दाखव.’ मुकुंदानं खूप वेळ लावला. मग बोट उचललं आणि डॉक्टरांच्या गालावर ठेवलं. उजव्या. त्यांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं. आत शेवटची दाढ पार किडलेली, हिरडी सुजून लाल. माणूस दुखऱ्या दाढेवर मूठ मारून घेत होता आणि आम्ही त्याच्यावरून कोहळे फोडत होतो! दुसऱ्याची दाढ दुखली असती तर लवंग दिली असती. मुकुंदाची म्हणून भगत आणला.

कॅम्पात नेऊन दाढ काढली. मारून घेणं थांबलं. मामांनी जाहीर केलं की बाधा उतरली, कोहळ्याचा गुण उशिरा येतो. आणि अक्का, मलाही वाटलं, सुटलो.

पण दूधभात तसाच राहिला. बेल नाही. अंघोळ नाही. ओट्याची पायरी सुटली नाही. मामा म्हणाले, ‘दाढ गेली, डोकं तेच आहे.’ संक्रांत जवळ येत होती. शांतानं तीळ आणले होते आणि निवडायला मात्र घेत नव्हती.

त्या रविवारी डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, ‘आता काय राहिलं?’ ते म्हणाले, ‘त्यालाच विचारू.’ आणि मुकुंदाला म्हणाले, ‘दिवसभर काय करतो, मला दाखव.’ मुकुंदानं त्यांचा हात धरला, पायरीपाशी नेलं आणि आपल्या शेजारी बसवलं. बसले. दोघेही रस्त्याकडे पाहत. शांतानं चहा नेऊन ठेवला, तो निवला. पलीकडे देवळाकडे जाणारी माणसं वळून पाहत होती. एक डॉक्टर आणि एक खुळा, एकाच पायरीवर, एकाच दिशेला तोंड करून.

खूप वेळानं डॉक्टर उठून आत आले. ‘मास्तर, या रस्त्यानं कोण येतं?’

‘कोण म्हणजे... शिवमंदिराला येणारे. बदलापूरकडचे.’

‘आणि बहिणीला कुठे पाठवलं बोललात त्याला?’

‘बदलापूरला,’ मी म्हटलं.

मामा म्हणाले, ‘अहो, त्याला काय कळतंय?’

अक्का, टेकचंदांना चिडलेलं मी तेव्हा पाहिलं. हळूच बोलले, पण मराठी निम्मी सुटली. ‘मेरा बडा भाई वकील था. बराक के दरवाजे में ऐसे ही बैठता है. खाता नहीं, सोता नहीं. पूरा कॅम्प बोलता है, वतन याद आता है बेचारे को. उसको कोई पागल नहीं बोलता. हुशार माणूस बसला तर दुःख, आणि भोळा माणूस बसला तर वेड? ये कौनसा शास्त्र है, मास्तर?’

असलं शास्त्र मी शिकलो नव्हतो. मामाही शिकले नव्हते. ते प्रथमच उत्तर न देता घरी गेले.

डॉक्टर म्हणाले, याला खरं सांगा. मी म्हटलं, मरणाऱ्याचा शब्द आहे. ते म्हणाले, ‘तिला याची फिकीर होती की शब्दाची?’ तुझ्या वतीनं उत्तर मीच दिलं, अक्का. रागावू नकोस. आणि मग मी विचारलं, समजा सांगितलं आणि तरी तो जेवला नाही, तर? डॉक्टरांनी मला खोटा धीर दिला नाही. ‘तर मी स्वतः त्याला ठाण्याला घेऊन जाईन. औषधाची गरज असेल तर औषध. शरम नाही. पण आधी खरं सांगा. झूठ पोटात ठेवून कुणाचं मन तपासता येत नाही.’

सांगायचं कसं, हा मोठा प्रश्न. मी घोकून ठेवलेले शब्द पुढे मांडले. कैलासवासी, वैकुंठवासी, देवाज्ञा झाली, देवाघरी गेली. टेकचंद ऐकत राहिले. ‘साईं, या सगळ्यात माणूस कुठेतरी राहायलाच जातो. बदलापूरसारखा. याला समजेल असं सांगा. यानं मेलेलं काही पाहिलंय?’

पाहिलं होतं. कपिला! तुझी गाय मेली तेव्हा तू त्याला शेतावर नेलं होतंस आणि जांभळीखाली पुरताना त्याच्या हातून माती घालवली होतीस. लोक म्हणाले, भोळ्याला कशाला दाखवता? तू म्हणालीस, दूध त्यानं प्यायलंय, माती त्यानंच द्यायची. गाईच्या वेळी एवढी शहाणी, आणि स्वतःच्या वेळी? जाऊ दे. हा शेवटचा टोमणा.

संक्रांतीच्या आधी धाऊ गाडी घेऊन आला. ‘बदलापूरला’ म्हटल्यावर मुकुंदा अंघोळीला आपण होऊन गेला. टोपी घातली. गाडीत पुढे धाऊशेजारी बसला आणि वाटभर भोंग्याचा आवाज काढत होता. शांता मागे बसून माझा हात दाबत होती. मला सांग, असल्या आनंदात बसलेल्या माणसाला काय सांगायला निघालो होतो मी!

तुझ्या घरापाशी गाडी थांबली तसा तो उतरून धावला. ‘अक्का!’ माजघर पाहिलं. ओटी पाहिली. भाताच्या कणगीत डोकावला. विहिरीत डोकावला, धाऊनं मागून सदरा धरला. मी थांबवायला निघालो तर धाऊ म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या मास्तर. समदं घर बघू द्या त्याला. नायतर म्हनंल, अर्धंच बघलं.’ समदं घर पाहून झालं. मग तो अंगणात मधोमध उभा राहिला.

मी त्याला जांभळीखाली नेलं. खाली बसवलं, मीही बसलो. जमिनीवर हात ठेवला. ‘इथे कोण आहे?’

‘कपिला.’

‘कपिला उठते का?’

तो माझ्याकडे पाहत राहिला.

‘मुकुंदा, अक्का मेली. कपिलेसारखी. ताप आला आणि मेली. बदलापूरला नव्हती गेली. आम्ही खोटं सांगितलं.’

मेली! तुझ्याबद्दल हा शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा झाडाखालचा धाऊ मान खाली घालून दूर झाला. मुकुंदानं त्या मातीवर हात फिरवला. मग ती उकरायला लागला. मी त्याचा हात धरला. ‘इथे नाही रे. आपल्याकडे, नदीकाठी. तिला अग्नी दिला. उद्या जागा दाखवतो.’

त्यानं उकरणं थांबवलं. समजलं की नाही कळेना. ‘समजलं का?’ विचारून उपयोग नव्हता. ‘हो’ म्हणाला असता. तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मी विचारलं, ‘मुकुंदा, अक्का परत येईल का?’

मी वाट पाहत होतो. त्याच्या ‘हो’ ची. सगळ्या जन्माची सवय. त्याचे ओठ ‘हो’ साठी गोलही झाले, अक्का, मी पाहिलं. मग ते तसेच थांबले.

‘नाही,’ तो म्हणाला.

आणि रडायला लागला. तुझा मुकुंदा, जो पडला तरी आधी तुझ्या तोंडाकडे बघायचा, तो कुणाकडेही न बघता रडला. शांतानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती तुझ्यासारखी मांडी नाही, हाडकुळी आहे, पण चालली. मीही रडलो. तू गेलीस तेव्हा मी मंत्र म्हणण्यात इतका गुंतलो होतो की रडायचं राहूनच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला नदीकाठी नेलं. जाताना तो वाटेत थांबून बेलाच्या झाडाशी गेला. निवडत बसला. मी घाई केली नाही. जागा दाखवली, तिथे त्यानं एक डहाळी ठेवली. मी वाकून पाहिलं. तीनही पानं अखंड.

लगेच सगळं ठीक झालं असं समजू नकोस. आठवडाभर तो पायरीवरच होता, आणि मी मनातून ठाण्याचा रस्ता मोजत होतो. पण आता तो रस्त्याकडे पाठ करून बसायचा. मग एके दिवशी दूधभाताची वाटी अर्धी झाली. मग पुरी. संक्रांत आली तेव्हा मामा तिळगूळ घेऊन आले आणि दारातच म्हणाले, ‘मग काय ठरवलंस?’ मुकुंदा आतून आला, मामांच्या हातातला तिळगूळ उचलला, खाल्ला आणि डब्यात हात घातला. मामा म्हणाले, ‘बरं. पुढच्या वर्षी बघू.’ गेली कित्येक वर्षं ते काशीबद्दल हेच म्हणतात, तेव्हा मी निश्चिंत झालो.

आता नवीन कटकट ऐक. ‘नाही’ हा शब्द सापडल्यापासून मुकुंदा तो सोडायला तयार नाही! कारलं? नाही. अंघोळ थंड पाण्यानं? नाही. मी स्तोत्रं म्हणायला बसलो की कानावर हात, नाही. मामा सल्ला द्यायला तोंड उघडतात तर आधीच नाही. ‘बिघडला हो पोरगा!’ मामा टेकचंदांना म्हणाले. ‘सुधरली,’ डॉक्टर म्हणाले. लिंग अजून चुकतं, निदान चुकत नाही. पुढे त्यांच्या वकील भावाला ते इकडे घेऊन आले होते. तो आणि मुकुंदा पायरीवर बसले होते. काय बोलले ठाऊक नाही. एकाला मराठी येत नाही आणि दुसऱ्याला लागत नाही. जाताना वकिलांनी दोन पोळ्या खाल्ल्या, तेव्हा डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

श्रावणात तुझं वर्षश्राद्ध. तिलांजली मुकुंदा देणार. मामांनी शास्त्र काढलं, मीही काढलं. माझं निघालं ते जरा लांबीला जास्त होतं. दूध त्यानं प्यायलंय, तेव्हा पाणी त्यानंच द्यायचं, एवढंच त्यातलं खरं शास्त्र, आणि ते तुझंच.

राहिलं वचन. तू मरताना आम्हाला शब्दात बांधलंस, तसा मीही एका शब्दात बांधून घेतो. मुकुंदाला या घरात पुन्हा खोटं सांगितलं जाणार नाही. त्याच्या दुखण्याला ‘मुकुंदाच तसा’ म्हणून वाटेला लावलं जाणार नाही. आधी दाढ पाहू, मग मन पाहू, आणि दोन्ही पाहताना त्याला विचारू. हे सगळं मी आज जांभळं खाताना त्यालाही सांगितलं. आणि म्हटलं, खरं सांगायचंच तर सगळं सांगावं. ‘हे बघ मुकुंदा, मीही पन्नाशीला आलो. उद्या मी मेलो, तर तुला लगेच सांगतील. चालेल?’

त्यानं बी थुंकली. माझ्याकडे नीट पाहिलं, मामांकडे पाहिलं होतं तसं.

‘नाही.’

टेकचंद म्हणतात, त्याच्या ‘नाही’ ला वजन आहे, ते ऐकावं. तेव्हा अक्का, तूर्त माझी वाट पाहू नकोस. मला परवानगी नाही.

तुझा,
गोविंदा
(तुझ्या भाषेत पंडित)

ता. क. जांभळं यंदा गोड आहेत. धाऊ म्हणतो, तुझ्या हातची नाहीत म्हणून. मी मुकुंदाला विचारलं, हे खरं का? तो म्हणाला, नाही.